बड्यांना अकरा दिवस, बाकीच्यांना दोन वर्षं

फेब्रुवारी २०११मधली गोष्ट. गूगलवर इंग्रजीत 'ड्रेसेस' टाकलं की पहिलं नाव यायचं जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचं. गालिचे शोधा, पलंगपोस शोधा, पेनीच वर. सॅमसोनाइटची बॅग शोधली तर खुद्द सॅमसोनाइट खाली आणि पेनी वर! 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या डेव्हिड सीगल यांनी एका जाणकाराकडून हे तपासून घेतलं. पेनीकडे नेणाऱ्या लिंक दोन हजारांहून जास्त पानांवर पेरलेल्या निघाल्या. पानं कसली, तर घोरण्यावरची, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची, मासेमारीची, दातांच्या डॉक्टरांची. त्यांचा ड्रेसशी काडीचा संबंध नव्हता.

एका साइटने दुसरीला लिंक दिली म्हणजे तिच्यासाठी शब्द टाकला, हा गूगलचा १९९८पासूनचा हिशेब. तो शब्द विकत घेतला की शोधणारा फसतो आणि चांगला माल ठेवणारा दुकानदार मागे पडतो. याला मार्केटिंगची हुशारी म्हणणारे बरेच आहेत. मी याला लबाडी म्हणतो.

गूगलने कारवाई केली आणि ती झटपट केली. सॅमसोनाइट बॅगेच्या शोधात संध्याकाळी सातला पहिली असलेली पेनी नऊला ७१वी होती. कंपनीने कानावर हात ठेवले आणि शोधात वर आणून देणाऱ्या (एसईओ) एजन्सीला काढून टाकलं. पण तोवर नाताळचा सीझन उरकला होता, गल्ला भरला होता. साधारण ९० दिवसांनी पेनी पुन्हा वर.

पुढचं प्रकरण ब्रिटनचं. फुलं घरपोच देणारी इंटरफ्लोरा फेब्रुवारी २०१३मध्ये, व्हॅलेंटाइन डे आटोपल्यावर, गूगलवर स्वतःच्या नावानेही सापडेना. तिने प्रादेशिक वर्तमानपत्रांच्या साइटवर पैसे मोजून लेख छापून आणले होते, वरून बातमीसारखे आणि आत लिंक. पेड न्यूज काय असते हे महाराष्ट्राला २००९च्या निवडणुकीनंतर सांगायला नको. त्या वर्तमानपत्रांचंही गूगलमधलं गुणांकन खाली आलं आणि ते योग्यच झालं. ज्याच्या शब्दावर वाचक विसंबतो, त्याने तो विकला तर त्यालाही चटका बसलाच पाहिजे.

इंटरफ्लोरा मात्र ११ दिवसांत परत आली. १० मार्चला ब्रिटनमध्ये मदर्स डे होता!

गूगलला कडक होता येत नाही असं नाही. आदल्याच वर्षी पैसे देऊन लिहून घेतलेल्या मजकुरातल्या लिंकपायी त्याने आपल्याच क्रोमच्या पानाला ६० दिवस खाली ढकललं होतं. मग इंटरफ्लोराला अकरा का?

आणि छोट्यांचं काय झालं तेही बघा. २४ एप्रिल २०१२ला गूगलने खोट्या लिंक आपोआप पकडणारी पेंग्विन नावाची चाळणी लावली. तिच्यात सापडलेल्याने खोट्या लिंक काढल्या, उरलेल्या नाकारल्या, तरी चाळणी पुन्हा फिरेपर्यंत सुटका नव्हती. २०१४च्या अखेरीनंतर ती पुन्हा फिरली थेट सप्टेंबर २०१६मध्ये. तेव्हा कुठे साइटला खाली न ढकलता अशा लिंक नुसत्या मोजायच्या नाहीत असं धोरण आलं. चूक सुधारूनही पावणेदोन वर्षं गिऱ्हाइकाला न दिसणारं छोटं दुकान टिकेल कसं? 

गूगलने आपल्या माणसांकरवी होणारी प्रत्येक कारवाई जाहीर करावी: कोणावर, कशासाठी, किती दिवस. एवढा मोठा बाजार ज्याच्या हातात आहे, त्याने शिक्षेचं माप बंद खोलीत ठरवू नये.

आणि तुमची छोटी साइट असेल तर 'महिन्यात पहिल्या पानावर आणतो' म्हणणाऱ्या एजन्सीला आधी विचारा, लिंक कुठून आणणार? उत्तर लेखी घ्या. शिक्षा सहसा एजन्सीला होत नाही, तुमच्या साइटला होते.