मागच्या सीटवरून महाबळेश्वर

माझ्या मेहुण्याकडे यामाहा आरडी ३५० आहे. घरात आई, बायको आणि दोन मुलंही आहेत, पण "घरचे कसे आहेत?" असं कोणी विचारलं की तो आधी डाव्या सिलिंडरची तब्येत सांगतो.

एस्कॉर्ट्सनं ही गाडी १९८३ मध्ये राजदूत ३५० म्हणून भारतात आणली. तोवर राजदूत म्हटलं की दुधाच्या किटल्या डोळ्यांपुढे यायच्या. ही निघाली दोन सिलिंडरची, सहा गिअरची टू-स्ट्रोक. हिच्यावरून दूध नेलं असतं तर गिऱ्हाइकाच्या दारात लोणी पोचलं असतं. पेट्रोल बेसुमार प्यायची, पार्ट महाग. काही वर्षांतच कारखान्यानं ती बंद केली, आणि मग तिच्या प्रेमात पडणाऱ्यांची रांग लागली. जपानी आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे दोन्ही चाकांना ड्रम आले. ताकदही तिकडच्यापेक्षा कमी केली म्हणतात. पण ब्रेकांच्या मानानं ती अजून फारच जास्त आहे, हे मागे बसणाऱ्याला लगेच कळतं.

पहाटे पुणं सोडलं. कात्रजच्या बोगद्यात मेहुण्यानं मुद्दाम गिअर पाडून फायरिंग घुमवलं. खंबाटकी घाटात मात्र खरा प्रकार झाला. ठरावीक आरपीएमपर्यंत ही गाडी अगदी सभ्य असते. त्यापुढे काटा गेला की गॅसवर काही विसरून आल्यासारखी सुटते. अशा वेळी धरायला मेहुण्याशिवाय काहीही नसतं, आणि त्याला गुदगुल्या होतात.

सुरूर फाट्याच्या अलीकडे डावा सिलिंडर गेला.

"दाजी, उतरा."

पान्यानं प्लग सोडवून त्यानं उन्हात धरला. टोक तपकिरी असेल तर प्रकृती ठणठणीत, पांढरं पडलं तर पेट्रोल कमी पडतंय, काळं नि ओलं झालं तर ऑइल जास्त. आमचं काळंकुट्ट होतं. यात यंत्राचा दोष नाही. टू-टी ऑइल वेगळ्या टाकीतून पंपानं इंजिनात जातं, एक्सलेटर पिळाल त्या हिशेबानं. पण मेहुण्याचा पंपावर विश्वास नाही. पिस्टन जॅम होईल या धास्तीनं तो पेट्रोलमध्येही वरून ऑइल ओततो.

पॉलिश पेपरनं प्लग घासून होईपर्यंत माणसं जमली. प्रत्येकाच्या घरी कधीतरी आरडी होती. कुणाच्या चुलत्याची, कुणाच्या मामाची, आणि त्या मामानं ती मातीमोल भावात फुंकून टाकली होती. एकट्या सातारा जिल्ह्यातल्या मामांनी विकलेल्या आरड्या मोजल्या तर एस्कॉर्ट्सनं एवढ्या बनवल्या तरी कधी, असा प्रश्न पडेल. "'हीरो' पिच्चरमधली ना? जॅकी श्रॉफची?" एक काका म्हणाले. मेहुणा फुलला. "ॲव्हरेज किती देते?" दुसऱ्यानं विचारलं. मेहुण्यानं घाईघाईनं किक मारली आणि ऐकू येत नसल्याची खूण केली.

पसरणी घाट चढून महाबळेश्वरला पोचलो. तिथे पाहण्यासारखं पुष्कळ आहे, असं ऐकून आहे. आम्ही पार्किंगमध्ये गाडी दाखवत होतो.

उतरणीचं गणित वेगळंच. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेक नावालाच. शिवाय एक्सलेटर बंद ठेवून उतरलं तर ऑइलचा पुरवठा आटतो आणि पिस्टन पकडायची भीती. म्हणून मेहुणा घाट उतरताना मध्येच रेस करतो. शास्त्रानुसार हे बिनचूक आहे. वळणावर समोर दरी आणि माणूस एक्सलेटर पिळतोय, हे बघताना मला शास्त्र आठवत नाही. वाईच्या स्टँडवर मी म्हणालो, "मी एसटीनं येतो. तुझ्या गाडीवरचं वजन कमी होईल." त्याला ते मनापासून पटलं.

सुरूरच्या आत त्यानं आमच्या एसटीला निळा धूर पाजत ओव्हरटेक केलं. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर, शिरवळच्या अलीकडे तो दिसला. गाडी स्टँडवर, हातात प्लग, नजर उन्हाकडे. ड्रायव्हरनं न विचारताच बस कडेला घेतली.

"कोणी खाली उतरायचं नाही, लगेच निघायचंय!" कंडक्टरनं सगळ्यांना बजावलं, तिकिटाचं मशीन माझ्या मांडीवर ठेवलं, आणि खिशातून पॉलिश पेपर काढत उडी मारली.