थर लावणारा माणूस

रविवारी संध्याकाळी नरपडमध्ये ज्याला त्याला सुरूच्या बनाकडे, किनाऱ्यावर जायचं असतं. बरणीवाला तेवढा ओट्यापाशी. पुढ्यात पाच काचेच्या बरण्या, सोमवार ते शुक्रवारच्या ऑफिसच्या डब्याचं सॅलड भरायला. आई कालवणासाठी ओटा मागते, तर म्हणतो, "थांब गं, थर लावतोय."

हा प्राणी इथला जुना नव्हे. 2013 साली मुंबईची लोकल विरार ओलांडून डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून त्याची पैदास वाढली असावी असा माझा संशय आहे. त्याआधीही लोक नोकरीला जात. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुके बोंबील नेत, आणि त्यावर भाषण देत नसत.

बरणीवाला देतो. तळाशी लिंबाचा रस, तेल, मीठ, मिरपूड. त्यावर गाजर, ढोबळी मिरची. मग उकडलेले छोले, मोडाचे मूग, काकडी आणि अगदी वर पाला. गोविंदा पथकासारखंच: खाली दणकट गडी, वर चिमुरडं पोर. शास्त्र खोटं नाही, हे कबूल करायला हवं. मीठ लागलं की काकडी पाणी सोडते, पाला मान टाकतो. म्हणून तर घरोघरी कोशिंबिरीत मीठ पानं घेताना घालतात. आई हे वर्षानुवर्षं सांगत होती तेव्हा ती कटकट होती. मोबाईलवर एका दाढीवाल्याने सांगितल्यावर तिचं तंत्र झालं.

पाल्याची तर वेगळीच कथा. डहाणूची ढोबळी मिरची, चिकू सगळं मुंबईच्या बाजारात जातं. हा मात्र शनिवारी सुट्टी असूनही दादरला जाऊन लेट्यूस आणतो. ते लेट्यूस शंभरावर किलोमीटर उत्तरेला येतं, नरपडच्या फ्रिजमध्ये मुक्काम करतं आणि सोमवारी पुन्हा दक्षिणेला, अंधेरीच्या ऑफिसात जातं. मेथी घाल म्हटलं तर त्याला आपण अडाणी वाटतो. मध्यंतरी स्थानिक अभिमानही उफाळला होता. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणून त्याने पिकलेल्या चिकूचा एक थर लावला. मंगळवारी त्या बरणीत जे दिसलं त्याला मानांकन कुणी दिलं नसतं.

बरण्या मात्र घरच्याच, लोणच्याच्या. कितीही घासल्या तरी सोमवारला कैरीचा वास येतो आणि बुधवारला लिंबाचा. शुक्रवारची बरणी बहुधा अंधेरीला पोचतच नाही. गुरुवारी रात्री घरात ताजे बोंबील तळले गेले, की सकाळी डब्यात कुरकुरीत काहीतरी जातं आणि बरणी "शनिवारी खाईन" या बोलीवर फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात सरकते. तिचं पुढे काय होतं हे फक्त आईला ठाऊक.

खरी परीक्षा गाडीत. हे सगळं शास्त्र एका अटीवर उभं आहे: बरणी उभी राहिली पाहिजे. डहाणूला ती मांडीवर ताठ असते, याला खिडकी मिळालेली असते. बोईसरला शेजारी दोघं येतात, पालघरला चौथी सीट कुणीतरी मागतंच, आणि बरणी बॅगेत जाते. विरारला जो लोंढा आत शिरतो त्यात माणसं उभी राहतात ती पडायला जागा नसते म्हणून. वरच्या फळीवरच्या बॅगेला तीही सोय नाही. ती आडवी होते, तिच्यावर कुणाची छत्री, कुणाचा लॅपटॉप. तळाचं लिंबू वरच्या पाल्याला भेटतं. थर कोसळतात, काला होतो.

अंधेरीला उतरल्यावर तो फलाटावरच्या खांबाआड बरणी उजेडात धरून बघतो. चेहरा असा, की विचारणाऱ्यालाही हळहळ वाटावी. एकदा गाडीतल्या ग्रुपमधल्या काकांनी विचारलंच, "अरे, पण जेवताना हे सगळं ढवळूनच खायचं असतं ना?"

"हो," तो म्हणाला, "पण एक वाजता!"