काल तर चालू होती, साहेब

गाडी स्वतःच्या चाकांवर गॅरेजात गेली आणि काम झाल्यावर चालूच होईना, तर गुन्हेगार शोधायला पोलिसी कुत्रं लागत नाही. शेवटचा हात जिथे लागला, तिथे बघायचं. क्लचप्लेट बदलली असेल तर गिअरबॉक्सच्या आसपास, टायमिंग बेल्ट बदलला असेल तर बेल्टच्या खुणांवर. पण गॅरेजात स्वतःचा हात सोडून सगळ्यांवर संशय घेतला जातो: बॅटरीवर, पेट्रोलपंपावर, पावसावर आणि सरतेशेवटी मालकावर. "साहेब, गाडी फार दिवस उभी होती ना?" होती की! तुमच्याच दारात.

पहिला बळी बॅटरीचा, कारण ती लगेच बदलता येते आणि तिचं बिल करता येतं. सेल्फ मारला की नुसतं 'कट्'. पुन्हा 'कट्'. मिस्त्री बॉनेटकडे न बघताच निदान सांगून मोकळे: "बॅटरी बसली." आता खरोखर बसलेली बॅटरी असेल, तर सेल्फ मारताक्षणी हेडलाइट मलूल होतो. इथे हेडलाइट झगझगीत, हॉर्न असा की समोरच्या सोसायटीचा वॉचमन उठून बसावा, आणि इंजिन ढिम्म. याचा अर्थ बहुधा एवढाच, की ताकद आहे, ती सेल्फपर्यंत पोचत नाही.

का पोचत नाही? इंजिन बसलेलं असतं रबरी माउंटिंगवर, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत अर्थिंगची एक जाड वायर दिलेली असते. क्लचप्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवला की बऱ्याच गाड्यांत तिचा बोल्ट काढावा लागतो. चढवताना पोऱ्याला जेवायला जायची घाई असते. वायर मागे लोंबकळत राहते, किंवा बोल्ट आवळला जातो पण खाली गंज आणि ग्रीस यांची युती झालेली असते. मग परतीची वाट शोधणारा करंट कधी ॲक्सिलरेटरच्या नाहीतर क्लचच्या केबलमध्ये घुसतो आणि केबल चटका बसेल इतकी तापते. गॅरेज म्हणतं, "केबलही बदलून टाकू."

परीक्षा फुकटची आहे. जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि सेल्फ मारा. इंजिन गरगरलं की चोर सापडला. यात विकण्यासारखं काहीच नाही, म्हणून ती सर्वांत शेवटी सुचते.

बाकीचे गुन्हेही याच जातीचे. डिझेल फिल्टर बदलला आणि प्रायमर दाबून एअर काढली नाही. जुन्या पेट्रोल गाडीत प्लगच्या वायरी अदलाबदल झाल्या. चार सिलिंडरचं इंजिन बहुधा 1-3-4-2 या क्रमाने पेटतं, तो बिघडला की सायलेन्सरमधून दिवाळी. सेन्सरचं सॉकेट लावायचंच राहिलं. बुलेटला अख्खं गॅरेज आळीपाळीने किक मारून घामाघूम, आणि किल स्विच कामाच्या वेळी बंद केलेला तसाच. मात्र टायमिंग बेल्टचं काम झालं असेल तर चावीला हातसुद्धा लावू नका. खुणा चुकल्या असतील तर काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो, आणि पुढचं बिल भरायला सोसायटीचं कर्ज काढावं लागतं.

मालकवर्गही काही धुतल्या तांदळाचा नाही. इंजिन घेत नाही म्हटल्यावर आपण चावी फिरवतच राहतो, जणू गाडीला अखेर आपली दया येईल. अर्ध्या तासाने बॅटरी खरोखरच बसते. मिस्त्रींनी सकाळी वर्तवलेलं भविष्य संध्याकाळी तंतोतंत खरं ठरतं आणि नवी बॅटरी येते. तिने काहीच होत नाही म्हटल्यावर कुणीतरी म्हातारा कारागीर विडी विझवून गाडीखाली सरकतो, लोंबणारी वायर घासून आवळतो आणि एका शब्दाचं भाषण करतो: "मारा."

गाडी चालू. बिलावर नवी बॅटरी, अर्थिंगच्या कामाची मजुरी वेगळी, आणि तीही ज्या कामात वायर विसरली त्याच्या मजुरीच्या खालच्याच ओळीत. जुनी बॅटरी तेवढी मागून घ्या. नाहीतर ती रात्रभर चार्जिंगला लागेल आणि पुढच्या आठवड्यात, वायर लोंबणाऱ्या दुसऱ्या एखाद्या गाडीत, "कंडिशनमधली आहे साहेब, तुमच्यासाठी बाजूला ठेवली होती," म्हणून बसेल.