पेठेचा सरपंच कसब्यात कसा गेला? जावा शिकणाऱ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

जळगावच्या कॉलेजात बीसीए नाहीतर बी.एस्सी. करणारे, त्यासाठी पहूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत उभे राहणारे आणि सरांनी ‘स्टॅटिक समजलं ना?’ विचारलं की मान डोलावणारे जे विद्यार्थी आहेत, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे.

साहित्य: लॅपटॉप (मित्राचा चालेल), जावा (फुकट मिळते) आणि दोन ग्रामपंचायती असलेलं एक गाव. हे तिसरं साहित्य पहूरकरांना जन्मतःच मिळतं. पहूर पेठ आणि पहूर कसबे. बाहेरचा माणूस दोन्ही मिळून पहूरच म्हणतो. घरपट्टी भरायला गेला की त्याला फरक कळतो.

पायरी पहिली. ‘ग्रामपंचायत’ नावाचा क्लास लिहा. मराठीतच लिहा, जावाची हरकत नसते. व्हेरिएबलचं नाव ‘थकबाकी’ ठेवलं तरी कंपायलर निमूट घेतो. आकडे आणि कीवर्ड तेवढे इंग्रजीत टंकावे लागतात. क्लास म्हणजे कोरा नमुना. ग्रामपंचायतीचं दप्तर १ ते ३३ नमुन्यांत बसवलेलं आहे आणि त्यातला नमुना ८ कर आकारणीचा. रकाने राज्यभर तेच. पण कोऱ्या नमुन्यात कुणाचीच थकबाकी नसते. ती दिसते पेठेच्या कपाटातल्या भरलेल्या वहीत, किंवा कसब्याच्या. या दोन वह्या म्हणजे दोन ऑब्जेक्ट. सरपंच, लोकसंख्या, थकबाकी हे रकाने म्हणजे इन्स्टन्स व्हेरिएबल. नाव सगळ्यांचं सारखं, आतला मजकूर ज्याचा त्याचा.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर मार्चअखेरीला कार्यालयात जाऊन बसा. एक आप्पा येतात, पिशवीतून घडी घातलेली पावती काढतात. संगणक परिचालक पोरगी नाव शोधते, सापडत नाही. पुन्हा शोधते.

‘आप्पा, घर कुठे तुमचं?’

‘पहूरलेच ना, माय.’

‘पहूर हो, पण पेठ का कसबे?’

आप्पांचं नाव वहीत आहेच, फक्त वही दुसरी आहे. जावात प्रत्येक इन्स्टन्स व्हेरिएबलमागे हाच प्रश्न उभा असतो: कुणाचं?

पायरी दुसरी. आता स्टॅटिक मेथड. ग्रामपंचायतीत सदस्य किती, हे गावकरी ठरवत नाहीत. १९५८ च्या अधिनियमानं किमान ७ आणि कमाल १७ अशी हद्द घातली आहे आणि मधला हिशेब लोकसंख्येवर चालतो: १५०० पर्यंत ७, मग दर दीड हजारामागे २ वाढवायचे, ७५०० च्या वर गेलं की १७. हे गणित करायला कुठल्याही गावाचं दप्तर उघडावं लागत नाही. आकडा द्या, उत्तर घ्या. ग्रामपंचायत.सदस्यसंख्या(४२००) म्हटलं की ११ मिळतात. ते ४२०० लोक पेठेतले, कसब्यातले की पार सिंधुदुर्गातले, याच्याशी मेथडला देणंघेणं नाही. अशा मेथडला स्टॅटिक करायचं आणि क्लासच्या नावानं हाक मारायची.

पेठ.सदस्यसंख्या(४२००) असं लिहिलं तरी चालतं, पण लिहू नका. वाचणाऱ्याला वाटतं, पेठेला विचारून उत्तर आलं. प्रत्यक्षात कंपायलर फक्त पेठ कुठल्या जातकुळीची एवढंच बघतो. पेठेत नल असला, म्हणजे कार्यालयच अस्तित्वात नसलं, तरी ११ येतात! सरकारी कामकाजाशी हे इतकं जुळतं की जावाच्या निर्मात्यांना मंत्रालयाचा अनुभव असावा अशी शंका येते.

पायरी तिसरी, म्हणजे जिथे बहुतेक जण घसरतात ती. सदस्यसंख्या(लोकसंख्या) मधला कंस तुम्ही आळसानं रिकामा ठेवता आणि आत थेट ‘लोकसंख्या’ वापरता. लगेच लाल अक्षरं: नॉन-स्टॅटिक व्हेरिएबल कॅननॉट बी रेफरन्स्ड फ्रॉम अ स्टॅटिक कॉन्टेक्स्ट. कंपायलर त्या पोरीचाच प्रश्न विचारतोय, फक्त जरा तुसडेपणानं. स्टॅटिक मेथडला ‘धिस’ नसतो, म्हणून कुणाची लोकसंख्या हे तिला कळायचा मार्गच नाही.

यावर होस्टेलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय असा: लोकसंख्येलाही स्टॅटिक लावा. लाल अक्षरं जातात. मग त्याच झपाट्यात सरपंचालाही लावा. आता पेठ.सरपंच मध्ये आप्पा ठेवा, कसबे.सरपंच मध्ये ताई ठेवा आणि पेठेचा सरपंच छापा. ताई! आप्पा कुठेच नाहीत. अविश्वास ठराव नाही, मतदान नाही, गुलाल नाही. रकाना दोघांत एकच उरला आणि शेवटी लिहिणाऱ्याची सत्ता आली. वाईट म्हणजे यावर एररही येत नाही.

खरे उपाय दोनच. मेथडला गावाचं दप्तर लागत असेल तर तिचा स्टॅटिक काढा. नसेल काढायचा तर जे हवं ते कंसातून आत द्या: आकडा द्या, नाहीतर अख्खी ग्रामपंचायत द्या.

पायथॉन शिकणाऱ्यांनी हसू नये. क्लासच्या अंगात, इनिटच्या बाहेर, थकबाकीदारांची रिकामी यादी ठेवून बघा. पेठेत एक नाव जोडलं की कसब्याच्या यादीतही तेच थकबाकीदार.

मग स्टॅटिक व्हेरिएबल कधीच वापरायचं नाही का? वापरायचं, जिथे एकच किंमत सगळ्यांना लागू करायची असते तिथे. उदाहरण मुंबईहून आलेलं आहे: सरपंच थेट जनतेतून निवडायचा का? २०१७ मध्ये ‘ट्रू’, २०२० मध्ये ‘फॉल्स’, २०२२ मध्ये पुन्हा ‘ट्रू’. एका जागी बदल केला आणि पुढच्या निवडणुकांसाठी राज्यभरच्या ग्रामपंचायतींना तो लागला. एकेका गावाची वही उघडायची गरज पडली नाही. जाणते प्रोग्रामर अशा व्हेरिएबलला ‘फायनल’ लावतात म्हणजे कुणी मध्येच बदलू शकत नाही. विधिमंडळात हा कीवर्ड अजून आलेला नाही.

‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ हा मंत्र का, तेही सांगून टाकतो. प्रोग्राम सुरू होताना एकही ऑब्जेक्ट जन्मलेलं नसतं, म्हणून ऑब्जेक्टशिवाय चालणारी मेथड लागते. १९९५ पासून नवशिक्यांनी ही ओळ न समजता पाठ केली. सप्टेंबर २०२५ च्या जावा २५ पासून मेनला स्टॅटिक लावायची सक्ती उरलेली नाही. परीक्षेत मात्र लिहा. अभ्यासक्रम कुठल्या आवृत्तीवर अडकलाय, ते पेपर हातात येईपर्यंत सांगता येत नाही.

स्वाध्याय. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला लहान आकडा. गणपूर्ती(मतदार) ही स्टॅटिक मेथड लिहा. ती सोपी आहे. आता यात भर: माणसं जमली नाहीत म्हणून सभा तहकूब झाली, तर त्या तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. हे मेथडला कसं कळवाल? कंसात आणखी एक किंमत द्याल, की ‘ग्रामसभा’ नावाचा वेगळा क्लास काढून ‘तहकूब’ हा रकाना त्याच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवाल? उत्तर लिहिताना हेही धरून चाला, की पेठेची सभा तहकूब झाली म्हणून कसब्याची होत नाही.