जग तयार आहे, गोष्ट कुठाय?

काल्पनिक राज्याचा नकाशा काढायचाय. सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?

हा प्रश्न हल्ली दुबई-शारजातल्या मराठी घरांतूनही ऐकू येतो. विचारणारा कधी अकरावीतला मुलगा असतो, कधी त्याचा बाप. मुलाला मित्रांबरोबर ड्रॅगनचा खेळ मांडायचा असतो, बापाला कादंबरी लिहायची असते. खेळ येत्या शनिवारी सुरू होतो. कादंबरी रिटायर झाल्यावर.

तर बाजारात काय आहे, ते आधी उरकून टाकू.

इनकार्नेट ब्राउझरमध्येच चालतं. थोडं फुकट, बाकीच्याला वर्गणी. डोंगर, झाडं, किल्ले यांचे तयार ठसे असतात. उचलायचे नि ठेवायचे. संध्याकाळभरात नकाशा देखणा होतो. सगळ्यांचाच होतो, आणि सगळ्यांचा सारखाच होतो. माणूस राहतो अल नहदाच्या तेराव्या मजल्यावर, एसी चोवीस तास चालू, आणि राज्य मात्र बर्फातलं.

वंडरड्राफ्टचे पैसे एकदाच मोजायचे. संगणकावर उतरवून घेतलं की इंटरनेट गेलं तरी राज्य शाबूत. हप्ता थकला म्हणून राजधानीला कुलूप, असली नामुष्की नाही.

अझगारचा जनरेटर पूर्ण फुकट. बटण दाबलं की खंड, नद्या, राज्यं, धर्म, सगळं हजर. नाही आवडलं? पुन्हा दाबा. ब्रह्मदेवालासुद्धा दुसऱ्या प्रयत्नासाठी कल्पभर थांबावं लागतं.

कॅम्पेन कार्टोग्राफर या सगळ्यांत जुनं, 1993 पासूनचं. त्याची घडण कॅडची. नवख्याला घाम फुटतो. आखातातल्या मराठी ड्राफ्ट्समनला मात्र ते माहेरच वाटेल. दिवसभर ऑफिसात ऑटोकॅडवर टॉवरच्या सांडपाण्याचे पाइप, रात्री घरी एल्फांची राजधानी. त्या राजधानीचं ड्रेनेज तरी बिनचूक असेल.

झालं. यातलं कुठलंही घ्या. घोडं सॉफ्टवेअरपाशी अडलेलंच नाही.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनकडे काय होतं? एक शिलिंगाची रंगपेटी. 1881 सालचा स्कॉटलंडमधला पाऊस, घरात कोंडलेला सावत्र मुलगा आणि वेळ घालवायला काढलेलं एक बेट. त्या बेटावरून ‘ट्रेझर आयलंड’ लिहून झाली. पुढं प्रकाशकाकडे पाठवलेला मूळ नकाशाच गहाळ झाला. मग स्टीव्हन्सननं स्वतःचीच कादंबरी चाळत, तपशील जुळवत तो नव्यानं काढला.

आता स्वतःला विचारा. तुमची फाइल उद्या उडाली, तर नकाशा कशावरून काढाल?

गप्प बसलात ना?

नकाशा काढणं हा लिहिणं टाळण्याचा सर्वांत कष्टाचा मार्ग आहे. त्यात घाम येतो, रात्र सरते, आणि काहीतरी झालं असं वाटतं. कामचुकारपणाला एवढी मेहनत दुसरीकडे कुठं लागते?

बरं, काढलेला नकाशा तरी धड असावा. नदी बघा. डोंगरातून निघते, मधेच दुभंगते, एक फाटा पूर्वेच्या समुद्राला, दुसरा पश्चिमेच्या. पाणी उतार बघतं, साहेब. नद्या वाटेत एकमेकींना मिळतात. फुटतात त्या बहुतेक मुखापाशी. पण मुलांना दोष कसा द्यायचा? अमिरातींत बारमाही वाहणारी एकही नदी नाही. ‘वादी’ आहेत, म्हणजे कोरडी पात्रं, ती पाऊस पडला की वाहतात नि ओसरला की पार्किंगच्या कामाला येतात. नदी बघायला सुट्टीत गावी जावं तर तिथं कृष्णा मार्चलाच आटलेली.

आणि ते मोजपट्टीचं प्रकरण! कोपऱ्यात ऐटीत लिहितात, एक इंच म्हणजे शंभर कोस. शारजाहून रोज सकाळी दुबईला जाणाऱ्याला विचारा अंतर किती. तो किलोमीटर सांगणार नाही, निघायची वेळ सांगेल. हे त्याचं शहाणपण नवं नाही. याच किनाऱ्यावरच्या जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल खैमाकडचा, पंधराव्या शतकातला दर्यावर्दी इब्न माजिद. त्याच्या काळचे अरब खलाशी अंतर ‘झाम’मध्ये मोजत. एक झाम म्हणजे तीन तासांची शिडाची सफर. ताऱ्याची उंची मोजायची ती बोटांनी. असं एक तरी एकक तुमच्या राज्यात आहे?

नाही. दुबईच्या सालिकचा टोलनाका मात्र ड्रॅगनच्या दरीत हमखास घालाल.

पण काल्पनिक नकाशाचा खरा बादशहा संगणकावर नाही, समुद्रात आहे. 2003 मध्ये दुबईनं ‘द वर्ल्ड’ जाहीर केलं. जगाच्या नकाशाच्या आकाराची सुमारे 300 बेटं, किनाऱ्यापासून साधारण चार किलोमीटर आत. सॉफ्टवेअर कुठलं, असा घोळ नाही. थेट वाळू.

वाळूसुद्धा वाळवंटातली नाही. वाऱ्यानं घासून गुळगुळीत झालेली ती वाळू भरावात नीट बसत नाही. म्हणून समुद्राच्या तळातून 32 कोटी घनमीटर उपसली. डच कंपनी फान ओर्डची जहाजं उपग्रहावरून जागा हेरायची नि वाळूची कमान हवेत उडवून बरोबर तिथं सोडायची. हा ब्रश वंडरड्राफ्टमध्ये नाही. वाळवंटात राहून वाळू मागवणं म्हणजे मालवणात मासे पार्सल मागवणं. पण हौसेला मोल नसतं.

जानेवारी 2008 मध्ये भोवतीच्या बांधाचं काम संपलं. जग तयार झालं.

त्याच सुमाराला ‘द युनिव्हर्स’ची घोषणाही झाली. जगाभोवती सूर्य, चंद्र, ग्रहांच्या आकाराची आणखी बेटं. जगात अजून दिवा लागला नव्हता, तोवर विश्वाचं बुकिंग!

मग जगभरात मंदी आली, खऱ्या जगात. नोव्हेंबर 2009 मध्ये दुबई वर्ल्ड या सरकारी कंपनीनं धनकोंकडे मुदत मागितली. बेटं बांधणारी नखील तेव्हा तिच्याच पोटातली. देश तयार, सीमा तयार, समुद्र तयार. माणसं कुठं आहेत? 2011 मध्ये एका खटल्यात दावा झाला, की बेटं झिजताहेत, मधल्या वाटा गाळानं भरताहेत. नखीलनं तो साफ फेटाळला. सॉफ्टवेअरमध्ये अशा वेळी ‘अनडू’ दाबतात. समुद्र स्वतःच दाबतो.

आज तिथं काहीच नाही असंही नाही. लेबनॉनवर बीच क्लब झाला, दक्षिण अमेरिकेत रिसॉर्ट आलं. युरोपात तर हुकमी पाऊस पाडणारा रस्ता आहे. रत्नागिरीत छत्री उलटी होईस्तोवर भिजलेला माणूस बोटीचं तिकीट काढून युरोपात पाऊस बघायला जातो. तीनशेतली बहुतेक बेटं मात्र अजून नुसती वाळू.

नकाशा झाला, गोष्ट राहिली. दुबईसारख्या दुबईचं हे झालं, तर तुमच्या ‘न्यू फोल्डर 3’चं काय?

पाम देइराची आणखी मजा. 2004 मध्ये जाहीर झालं ते खजुराचं झाड. 2013 मध्ये झाड गेलं, देइरा आयलंड्स उरली. 2022 मध्ये झाली दुबई आयलंड्स. नकाशा काढायला बसलेला प्रत्येकजण हेच करतो. काम अडलं की नाव बदलतो.

‘पण आमच्या राज्याच्या सीमा फार गुंतागुंतीच्या आहेत हो,’ असं सांगणारा एक असतोच. असतील. अझगारला सांगा, तो दोन सेकंदांत आखून देईल. खऱ्या जगात सीमा आखणं इतकं सोपं असतं तर बेळगावचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात कशाला बसला असता?

आणि खरी गुंतागुंत बघायची तर खोर फक्कानच्या मागच्या डोंगरात जा. 1950 च्या दशकात ज्युलियन वॉकर हा ब्रिटिश अधिकारी हा मुलूख पालथा घालत होता. कुठलं गाव कोणाला मानतं, कोणती विहीर कोणाची, कुरणावर हक्क कोणाचा, हे वडीलधाऱ्यांना विचारून त्यानं नकाशा भरला. त्यातून आजच्या अमिरातींच्या सीमा उभ्या राहिल्या. म्हणून तर नकाशा गोधडीसारखा दिसतो. अजमानचे तुकडे अजमानपासून कोसभर नाही, पार डोंगरात.

तिथंच मढा आहे. चारी बाजूंना अमिराती, मधोमध ओमान. आणि त्या ओमानच्या पोटात नाहवा, ते पुन्हा शारजाचं. अमिरातीत ओमान, ओमानात अमिराती. कुठल्या कादंबरीकारानं असं लिहिलं असतं तर संपादकानं ‘जरा पटेल असं लिहा’ म्हणून परत पाठवलं असतं.

एक सकाळ काढून जाऊन या. रस्ता चांगला आहे, सीमेवर कोणी अडवत नाही, लॅपटॉपही लागत नाही. फक्त मोबाइलचं रोमिंग बंद ठेवा. नाहीतर घाट संपायच्या आत ओमानचं बिल सुरू.