सहा नंबरचा पॅड

ढोलकीवाल्याला ढोलकीबद्दल फारसं काही म्हणायचं नसतं. फार तर पावसाळी हवेला एखादी शिवी. ऑक्टोपॅडवाल्याला मात्र आपल्या यंत्राबद्दल बारा महिने काहीतरी म्हणायचं असतंच. आमच्या केज तालुक्यात बँजो पार्ट्या ढिगानं, म्हणजे असे लोकही ढिगानंच. पण आमच्याकडच्या एका पार्टीतल्या ऑक्टोपॅडवाल्या बप्पांनी त्याची वहीच घातलीय. लाल, उभी, किराणा दुकानातली. सुलट बाजूनं सुपाऱ्या आणि ॲडव्हान्स, उलट बाजूनं ‘मशीनमधी काय पायजे’. उलट बाजू कधीच सुलटीला भिडलीय; आता ॲडव्हान्स समासात लिहितात.

ऑक्टोपॅड हे खरं तर रोलँड या जपानी कंपनीनं 1985 साली काढलेल्या वाद्याचं नाव. आठ पॅड, म्हणून ऑक्टो. पण डालडाचं झालं तेच त्याचंही झालं. आता टिपऱ्यांनी वाजतं आणि वायर लागते ते सगळं ऑक्टोपॅड. बप्पांचं यंत्र कुणाचं, ते सांगता येत नाही, कारण कंपनीच्या नावावर परळीच्या वैजनाथाचा स्टिकर आहे. रबराखाली सेन्सर असतो, तो ठोक्याचा जोर मोजतो आणि आत साठवलेला आवाज त्या बेतानं बाहेर येतो. मिडीच्या, म्हणजे यंत्रांच्या आपसातल्या भाषेच्या, हिशेबात हा जोर 1 ते 127 अशा आकड्यांत बसवतात. हे मीच त्यांना सांगितलं आणि पस्तावलो.

“एकशे सत्तावीसच?” बप्पांनी टिपरी खाली ठेवली. “आमच्या आबाच्या नुसत्या डाव्या हातात तेवढ्या हायेत. उजव्याचं तर मोजूच नका.”

आबा म्हणजे पार्टीतले हलगीवाले. सत्तरीचे. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. ते काही बोलत नाहीत.

वहीतली पहिली मागणी घुमाऱ्याची. ढोलकीच्या डाव्या पुडीवर तळव्याचा दाब सरकवला की आवाज खाली-वर लोळतो. बप्पांच्या पॅडवर टिपरू बसलं की आवाज एकदा निघतो आणि निघाला तो निघाला. मागून कितीही दाबा. वहीत लिहिलंय, ‘दाबल्यावर दाबल्यावानी वाजावं.’ ह्याहून नेमकी मागणी जपानी इंजिनियरला सुद्धा लिहिता आली नसती.

दुसरी : चार नंबरवर मारलं तर पाच नंबरनं बोलू नये. धक्का शेजारच्या सेन्सरला पोचतो, त्यातून हे होतं. “भावकी हाय ही,” बप्पा म्हणतात. “बोलायचं एकाला, राग दुसऱ्याला.”

पण खरी परीक्षा मे महिन्यात. साखर कारखान्यांचा पट्टा पडतो, ऊसतोडीचे कोयते गावाकडं येतात आणि सगळी लग्नं एकदम निघतात. 42 अंश ऊन. एका कडेला आबा काडीकचरा पेटवून हलगी शेकतायत, चामडं ताणलं पाहिजे म्हणून; दुसऱ्या कडेला बप्पा पॅडवर ओला पंचा टाकतायत, तापू नये म्हणून. उन्हानं पडदा काळा पडतो आणि कोणता आवाज लागलाय ते वाजवल्यावरच कळतं. एकदा भर वरातीत ढगांचा गडगडाट लागला. मागच्या साली पाऊस हुकलेला. नाचणारी पोरं नाचतच राहिली, पण म्हातारे खरंच वर बघायला लागले, आणि एकानं वाळवणाची आठवण काढली.

मग रात्री दहाचा प्रश्न. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. बंद केला तर नवरदेवाचा मामा धरतो, नाही केला तर जमादार धरतो. म्हणून ‘दहाला मशीन आपसूक मरावं. बटण आमच्याकडं नसावं.’

एक मागणी खोडलेली दिसली : ‘दहाची नोट ठेवली की वळखावी.’ विचारलं, खोडली कामून? “वळखायला लागलं तर हिस्सा मागंल.”

सगळ्यात मोठी मागणी, दोनदा अधोरेखित, आबांच्या हलगीच्या आवाजाची. बप्पांच्या यंत्रात हलगी म्हणून जे आहे, ते ऐकून आबांनी एकदाच तोंड उघडलं होतं. “पत्र्याचा डबा बरा हाय.” मागच्या लग्नसराईत बप्पांनी ठरवलं, कुणाची वाट बघायची नाही. मांडवामागं आबांना बसवलं, मोबाईल समोर धरला, हलगीचा ठोका टिपला. पुतण्यानं तो लॅपटॉपवर चढवला, पॅडची मिडीची वायर जोडली, आणि सहा नंबरला खणखणीत हलगी आली. फक्त ठोक्याच्या शेपटाला आचाऱ्याचा आवाजही आला होता : “ताटं मांडा!”

तो कापायला वेळ नव्हता. सुपारी त्याच संध्याकाळी, धारूरच्या अंगाला. वरात वेशीवर आली, बप्पांनी सहा नंबरवर टिपरू टाकलं.

टण्ण. ताटं मांडा!

टण्ण. ताटं मांडा!

तोडा चढला तसं नुसतं “ता-ता-ता-ताटं” होऊ लागलं, आणि नवरीकडची निम्मी माणसं नवरदेवाला घोड्यावर तसाच सोडून मांडवाकडं वळली. आबा हलगी काखेत मारून त्यांच्या मागोमाग निघाले.