बर्फाचा योग

दक्षिण इंग्लंडात बर्फ पडत नाही. पडतो तो बर्फाचा अंदाज. रेडिंगला राहायला आल्यापासून मी तो न चुकता अंगावर घेतो.

अटलांटिकवरून येणारे पश्चिमी वारे इथली हवा हिवाळाभर कोमट ठेवतात. बर्फ पडायचा तर त्यांना डावलून पूर्वेकडून युरोपातली गार हवा आत शिरली पाहिजे, त्याच वेळी ओलही पाहिजे, आणि पारा शून्याजवळ टिकला पाहिजे. एखाद-दोन अंश वर गेला की पाऊस. त्यापेक्षा पत्रिका जुळवणं सोपं. २०१८च्या फेब्रुवारीअखेरीस ‘बीस्ट फ्रॉम द ईस्ट’ अवतरला आणि हा योग खरोखर जुळला. मी तेव्हा पुतण्याच्या मुंजीसाठी सोलापुरात, पंख्याखाली.

मग मी हवामानशास्त्राचा अभ्यास आरंभला, म्हणजे फोनवर नकाशे बघू लागलो. ध्रुवावर तीसेक किलोमीटर उंचीवरची हवा एकाएकी तापली, तर काही आठवड्यांनी इकडे गारठा येऊ शकतो, एवढं कळल्यावर तर ऑफिसात जेवताना माझा दुसरा विषयच राहिला नाही. हळूहळू माझ्या टेबलावर ऐसपैस जागा मिळू लागली.

एका जानेवारीत बर्फाची यलो वॉर्निंग आली. मी स्लेज, फावडं आणि वाटेवर टाकायचं मातकट मीठ घेऊन आलो. सकाळी आईला व्हिडिओ कॉलवर बसवलं आणि ऐटीत पडदा सरकवला.

“अरे, हा तर आपल्याकडेही पडतो,” आई म्हणाली.

मागून बायको, “अहो, या मिठाचं काय करायचं? लोणचंसुद्धा घालता यायचं नाही.”

पाठोपाठ वादळ आलं. इथे २०१५ पासून वादळांना रीतसर नावं ठेवतात. मीही ठेवली, पण ती यादीत बसण्यासारखी नव्हती. आमच्या स्लेजने पहिला प्रवास केला तो हवेतून, थेट शेजारच्या आजींच्या गुलाबांवर. आजींनी ती स्वतः आणून दिली. “छान आहे हो. कधीतरी उपयोगी पडेल,” म्हणाल्या. इंग्रज माणूस याहून जास्त हसत नाही.

पुढे एका नाताळात मी आईला फोन करून व्हाइट ख्रिसमस जाहीर केला. मेट ऑफिसच्या, म्हणजे इथल्या हवामान खात्याच्या नियमाप्रमाणे २५ डिसेंबरला ब्रिटनमध्ये कुठेही बर्फाचा एक कण पडताना दिसला तरी पुरतो.

“कुठे पडला?”

“शेटलंड बेटांवर.”

“तुझ्यापासून किती लांब?”

“असेल हजारेक किलोमीटर.”

“अस्सं. मग हिमालयात पडला की आम्हीही सोलापुरात स्वेटर काढत जाऊ का?”